आधी तिकीट, मग खुर्ची: जपानात पहिल्यांदा रामेन खायला जाणाऱ्यांसाठी

टोकियोत निशी-कासाईला राहायला लागून मला आता चार वर्षं होतील. दर साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलांच्या, सीझनला कुणीतरी मैत्रीण, मावसभाऊ नाहीतर नवऱ्याच्या ऑफिसमधलं कुणी येतं आणि विचारतं, "अगं, ते रामेन खायचंय, कुठे जाऊ?" रामेन म्हणजे गरम सूपातल्या शेवयांचा बाऊल. कुठे जाऊ ते मॅप सांगतो हो, पण दारातून आत गेल्यावर काय करायचं ते कुणी सांगत नाही, आणि खरी फजिती तिथेच होते.

माझी झाली होती. पहिल्याच आठवड्यात ऑफिसजवळच्या एका छोट्या दुकानात एकटीच घुसले, दारातच जेवणाची तिकिटं काढायचं मशीन, मागे पाच-सहा सूटवाले उभे, घाईघाईत स्वस्तातलं बटण दाबलं, चिठ्ठी आली, काउंटरवर बसून ऐटीत ती पुढे केली. आतल्या काकांनी चिठ्ठी बघितली, माझ्याकडे बघितलं, परत चिठ्ठी बघितली, आणि मग फ्रिजमधून एक उकडलेलं अंडं काढून मला दाखवलं. मी रामेनवर घालायच्या एक्स्ट्रा अंड्याचं तिकीट काढलं होतं, रामेन काढलंच नव्हतं. परत उठले, परत रांगेत.

तर हे तसं होऊ नये म्हणून. उदाहरणाला मी इचिरान घेतेय, कारण पहिल्यांदा येणारे बरेच लोक तिथेच जातात आणि नवख्याला सोपंही तेच पडतं. फुकुओका शहरातली रामेन दुकानांची चेन आहे, आता शिबुया, शिंजुकु, ओसाकाचं दोतोंबोरी सगळीकडे आहे. साध्या गल्लीतल्या दुकानात काय वेगळं असतं तेही मध्ये मध्ये सांगते.

१. आधी घरीच ठरवा: तुम्हाला हे चालणार आहे का?

हा मुद्दा पहिला, कारण रांगेत तासभर उभं राहून मग हे कळलं की फार वाईट वाटतं.

इचिरानचं रामेन म्हणजे तोन्कोत्सु. तोन म्हणजे डुक्कर, कोत्सु म्हणजे हाडं. पांढरं दाट सूप बघून कोल्हापूरकरांना पांढरा रस्सा आठवतो, पण तो पांढरेपणा नारळाच्या दुधाचा, तीळ-खसखशीचा, आणि हा सगळा हाडांचा. डुकराची हाडं तासन्‌तास खदाखदा उकळायची, मग त्यातली चरबी आणि चिकटपणा पाण्यात मिसळून सूप दुधासारखं होतं. क्यूशू बेटावरच्या कुरुमे गावात १९४७ साली एका गाडीवाल्याकडून सूप चुकून जास्त उकळलं आणि त्यातून हे पांढरं सूप निघालं, असं तिकडे सांगतात.

म्हणजे "वरचे मटणाचे तुकडे काढून द्या" म्हटल्याने काहीही होत नाही. 'निकु नाशी' म्हणजे मांस नको असं सांगितलं तर ते वरचं चाशु म्हणजे डुकराच्या मांसाचे काप काढतील, खाली सूप तेच.

आणि सगळ्यात मोठा सापळा: 'यासाई रामेन'. यासाई म्हणजे भाजी. आपल्याला वाटतं व्हेज रामेन. नाही! ते भाज्या घातलेलं रामेन, सूप डुकराचं किंवा कोंबडीचं किंवा माशाचंच. माझी आई आली होती तेव्हा मी शहाणीने तिच्यासाठी हेच तिकीट काढलं, बाऊल समोर आला, कोबी, मोड, गाजर, रंग कसा छान, आणि मला ऐनवेळी सुचलं म्हणून वाढणाऱ्या पोराला विचारलं, "सूप, बुता?" बुता म्हणजे डुक्कर. त्याने हसत मान डोलावली. मग आईकडे बोट दाखवून 'बेजितारियन' म्हटल्यावर त्याने दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे धरले. जपानात ती फुली म्हणजे विषय संपला. आई म्हणाली, "राहू दे गं, माझा आज उपास धर." तो बाऊलही मीच संपवला.

शाकाहारी असाल तर सरळ वेगळ्या ठिकाणी जा. टोकियो स्टेशनात तिकिटाच्या गेटच्या आत टीज तानतान आहे, तिथे सगळंच व्हीगन, तानतानमेन म्हणजे तिळाच्या सूपातल्या शेवया आपल्या जिभेला पटकन पटतं. दुसरं आफुरी. ते युझु म्हणजे तिकडच्या लिंबासारख्या फळाच्या वासाच्या हलक्या सूपसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथे एक व्हीगन रामेनही मिळतं, मशीनवर तेच बटण शोधायचं, बाकीची बटणं मांसाहारी आहेत. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी दोन्हीकडे विचारूनच घ्या.

गोमांस न खाणाऱ्यांसाठी: रामेनमध्ये डुक्कर, कोंबडी, मासे जास्त, गाय कमी, पण 'ग्यूकोत्सु' लिहिलेलं असेल तर ती गाईबैलाची हाडं. ग्यू हा शब्द लक्षात ठेवा. आणि साइडला मिळणारी ग्योझा, आपल्या मोमोसारखी, तीत बहुतेक वेळा डुकराचा खिमा असतो.

२. सोबत काय घ्यायचं

- हजार येनच्या नोटा, माणशी दोन तरी. बरीच जुनी मशीन पाच हजार, दहा हजारची नोट घेतच नाहीत. त्यात जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या, आणि जुन्या मशीनवाल्या काही दुकानांनी नव्या नोटा चालत नाहीत असे कागद चिकटवले. एटीएममधून काढलेल्या दहा हजारच्या नोटेचे सुट्टे आधीच कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, पाण्याची बाटली घेऊन करून ठेवा.
- सुइका किंवा पास्मो, म्हणजे ट्रेनचं रिचार्जचं कार्ड. हल्ली काही मशीनवर चालतं, पण त्याच्या भरवशावर जाऊ नका.
- रुमाल, कागदी टिश्यू. तिखट नसलं तरी नाक वाहतं, वाफेने.
- केस लांब असतील तर रबरबँड. काही ठिकाणी देतात, पण आपला असावा.
- मोबाईलमध्ये ट्रान्सलेटचं कॅमेरावालं ॲप, जपानी भाषा आधीच डाउनलोड करून. तळघरातल्या दुकानात रेंज जाते.
- गडद रंगाचा शर्ट. पांढरा घालून गेलात तर तुमचं तुम्ही बघा.

मोठी बॅग नेऊ नका. ट्रॉली बॅग घेऊन एअरपोर्टवरून थेट जायचा मोह होतो, पण आत दोन माणसं एकमेकांना घासल्याशिवाय जाऊ शकत नाहीत एवढीच जागा असते. स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका.

३. वेळ आणि रांग

दुपारी साडेअकरा ते दीड आणि संध्याकाळी सातनंतर जाऊ नका, संपलं. इचिरानच्या बऱ्याच शाखा चोवीस तास उघड्या असतात त्यामुळे सकाळी नऊ-दहा किंवा दुपारी तीन-चार ही वेळ उत्तम. सकाळी सकाळी रामेन कसं खायचं असं वाटेल, पण आपण सकाळी आठला मिसळ खातोच की.

गल्लीतल्या छोट्या दुकानांचं उलटं. ती दुपारी तीन ते पाच बंद असतात, आणि दिवसाचं सूप संपलं की रात्री आठलाच शटर ओढतात. पाटी कितीपर्यंतची का असेना, सूप संपलं की दुकान बंद.

रांगेत एकच पाळायचं: सगळेजण एकत्र उभे राहा. एकाने नंबर लावायचा आणि बाकीच्या पाचांनी शॉपिंग करून शेवटी यायचं, हे आपलं एसटी स्टँडवरचं रुमाल टाकणं इथे चालत नाही. कुणी भांडणार नाही, पण मागचे सगळे जे बघतात ना, त्यापेक्षा भांडलेलं बरं. आणि काही दुकानांत आधी तिकीट काढून मग रांगेत राहायचं असतं, काही ठिकाणी उलटं, तेव्हा पुढच्या माणसाच्या हातात चिठ्ठी आहे का ते बघा.

४. मशीन

याला केनबाइकी म्हणतात. इचिरानमध्ये बटणांवर फोटो आणि इंग्रजी असतं, त्यामुळे फार अडत नाही. गल्लीतल्या दुकानात मात्र चाळीस-पन्नास बटणं, सगळी जपानीत, आणि मागे रांग. क्रम असा:

आधी पैसे टाका. पैसे टाकल्याशिवाय बटणं पेटत नाहीत, मी बटणं दाबत बसले होते आणि मशीन बिघडलंय असं समजत होते.

मग वरच्या डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबा. काही कळत नसेल तर हाच मंत्र. दुकानाची जी खासियत असते ती बहुतेक तिथेच असते. खालच्या ओळींमधली शंभर-दीडशे येनची बटणं म्हणजे एक्स्ट्रा: अंडं, नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचा कागदासारखा तुकडा, जास्तीचा कांदा, भात. माझं अंडं तिथलंच.

मग चिठ्ठी आणि उरलेले पैसे दोन्ही घ्या. कित्येक जुन्या मशीनमध्ये सुट्टे आपोआप येत नाहीत, बाजूचा खटका खाली ओढावा लागतो. चिठ्ठी घेऊन पुढे गेलात की तुमचे सातशे येन मागच्याचे. अर्थात इथला मागचा माणूस धावत येऊन आणून देतो, पण तरी.

इचिरानमध्ये मुख्य बाऊल साधारण हजार येनच्या आसपास पडतो, शाखेप्रमाणे थोडंफार इकडेतिकडे. अंडं वेगळं घ्यावं लागतं आणि ते सालासकट येतं, सोलत बसायचं. टॅक्स किमतीतच असतो. टिप नाही, अजिबात नाही, ठेवून आलात तर तेही धावत आणून देतात.

माणशी एक बाऊल घ्यायचा. "आम्ही दोघांत एक घेतो, पोट भरलेलंय" हे इथे बरं दिसत नाही, कारण तुम्ही खुर्ची अडवताय.

५. फॉर्म भरणे (हे फक्त इचिरानला)

रांगेत असतानाच हातात एक कागद देतात, इंग्रजीतला मागा. शाळेत ऑप्शनला गोल करायचो तसं करायचं. यात काय भरायचं ते माझ्या अनुभवाने सांगते.

चवीचा कडकपणा: मधला घ्या. आपल्याला जपानी जेवण अळणी लागतं म्हणून लोक 'स्ट्राँग' करतात आणि मग दिवसभर पाणी पीत बसतात, कारण सूप मुळातच खारट असतं.

तेलकटपणा: पहिल्यांदा मधला किंवा त्याहून एक पायरी कमी. सर्वात वरचं म्हणजे अक्षरशः तर्रीच, फक्त लाल नाही, पांढरी.

लसूण: इथे मोकळे सुटा. अख्खी एक पाकळीपर्यंत सोय आहे. ऑफिसला परत जायचं असेल तर विचार करा.

कांद्याची पात: हिरवी की पांढरी की नको. मी हिरवी घेते.

चाशु: डुकराचे पातळ काप. हवे की नको.

लाल मसाला: बाऊलच्या मधोमध तिखटाचा एक ठिपका असतो, तो यांचा सिक्रेट. बेसिक म्हणजे आपल्याला काहीच नाही. दुप्पट करा, त्याच्या पुढे हवं तर आकडा लिहायची सोय आहे. माझ्या दिराने फुशारकीत दहा लिहिलं, तिखट त्याला सोसलं, पण सूपची मूळ चव पार गेली, नुसतं लाल पाणी प्यायला म्हणत होता. मी चार लिहिते.

शेवया किती कडक: हे महत्त्वाचं. मधल्यापेक्षा एक पायरी कडक, म्हणजे 'काताई' किंवा 'कातामे'. हाकाता म्हणजे फुकुओकाच्या पद्धतीच्या शेवया बारीक असतात आणि गरम सूपात बसून भराभर मऊ होतात, तुम्ही फोटो काढत बसलात की संपलं. कडक घेतल्या तर फोटोला दोन मिनिटं मिळतात.

साध्या दुकानात फॉर्म नसतो, चिठ्ठी देताना तोंडी विचारतात. काही कळलं नाही तर "फुत्सू" म्हणा. फुत्सू म्हणजे नेहमीसारखं. हा एक शब्द मला जपानात सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

६. बसायची जागा

इचिरानमध्ये भिंतीवर एक बोर्ड असतो, कुठली जागा रिकामी ते दिव्यांनी दाखवतो. तुमची पाळी आली की कर्मचारी सांगतात त्या खुर्चीवर. आणि ती खुर्ची म्हणजे काय, तर दोन्ही बाजूंना लाकडी पार्टिशन, समोर बांबूचा पडदा, एका माणसापुरता खण. आपल्याकडे हायवेवरच्या जुन्या हॉटेलात पडदा लावलेली 'फॅमिली रूम' असते ना, तसं, फक्त फॅमिलीत तुम्ही एकट्याच.

मला हे इतकं आवडलं म्हणून सांगू. सांगलीत मी एकटी हॉटेलात बसले की वेटर दोनदा विचारायचा, "मॅडम, कोण येणारे का?" इथे कुणाला काही पडलेलं नाही, सगळेच एकटे. मित्रमैत्रिणी सोबत असतील तर मधलं पार्टिशन दुमडता येतं.

पाण्याचा नळ खणातच असतो, ग्लास तिथेच, स्वतः भरायचं. फॉर्म आणि चिठ्ठी समोर ठेवा, पडद्याखालून दोन हात येतात, घेऊन जातात. थोड्या वेळाने तेच हात बाऊल ठेवतात, पडद्यामागे कुणीतरी कमरेत वाकून नमस्कार करतं, आणि पडदा खाली सुटतो. चेहरा तुम्हाला दिसतच नाही.

७. खायचं कसं

आधी चमच्याने सूप. लाल ठिपका ढवळायच्या आधी, एकदम काठावरचं, मग ठिपका हळूहळू मिसळत जायचं.

शेवया चॉपस्टिकने थोड्याच उचला, तोंडाशी न्या आणि भुरका मारा. हो, आवाज करून! लहानपणी कढीचा भुरका मारला की आजी डोळे वटारायची, ते सगळं इथे विसरायचं. आवाजाचं कारण पण आहे, हवा सोबत आत जाते त्यामुळे जीभ भाजत नाही आणि वासही लागतो. माझे बाबा बशीत चहा ओतून पिणारे, ते पहिल्या दिवसापासून इतक्या झोकात खायला लागले की शेजारचा म्हातारा वाकून बघून गेला.

चॉपस्टिक जमत नसतील तर काटा मागा, "फोकु". लाजू नका. फक्त चॉपस्टिक बाऊलमध्ये उभ्या खोचून ठेवू नका, ते इथे मयताच्या भातात करतात, आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका, अस्थी तशा उचलतात. हे दोन सोडून बाकी चुका माफ.

साध्या दुकानात काउंटरवर डबे असतात: मिरी, तीळ, लाल आलं, कधी ताजा लसूण आणि दाबायचं यंत्र, कधी 'काराशी ताकाना' म्हणजे मोहरीच्या पाल्याचं तिखट लोणचं. ते लोणचं भारी असतं, पण सूप चाखायच्या आधी घालू नका, काही मालकांना त्याचा फार राग येतो.

गप्पा मारत बसायची ही जागा नव्हे. वीस मिनिटांत उठायचं, बाहेर लोक उभे आहेत.

८. काएदामा, म्हणजे एक्स्ट्रा पाव

शेवया संपल्या, सूप उरलं, भूक आहे? परत नुसत्या शेवया मागवता येतात, त्याला काएदामा. फुकुओकाच्या नागाहामा मासळीबाजारातली ही पद्धत: तिथल्या कामगारांना घाई, म्हणून पटकन शिजणाऱ्या बारीक शेवया, आणि पुरल्या नाहीत तर आणखी एक मूठ.

मिसळवाल्यांना यातलं गणित समजवायला नको. पाव मागवायचा असेल तर रस्सा आधी संपवायचा नाही! इथे सूप परत मिळत नाही, तेव्हा निम्मं तरी राखून ठेवा, आणि शेवया थोड्या उरल्या असतानाच ऑर्डर द्या म्हणजे सूप गार होत नाही.

इचिरानमध्ये मशीनवर आधीच तिकीट काढलं असेल तर उत्तम, नाहीतर खणातच रोख देऊन मागवता येतं. बोलायची गरज नाही, बटण दाबायचं.

एक सावधगिरी: सगळ्या रामेनला काएदामा नसतं. जाड शेवयांच्या दुकानात 'ओमोरी' म्हणजे मोठा बाऊल आधीच घ्यावा लागतो. आणि जिरो नावाचा प्रकार आहे, १९६८ पासूनचा, टोकियोच्या मिता भागात त्याचं मुख्य दुकान आहे. तिथे 'छोटा' बाऊल म्हणजे आपल्या दोघांचं जेवण, वर मोडांचा आणि कोबीचा डोंगर. पहिल्याच वेळी तिथे जाऊ नका. गेलातच तर ते "निन्निकु इरेमासु का?" विचारतील, म्हणजे लसूण घालू का, आणि तेव्हा नुसतं "हाय", म्हणजे हो, म्हणा, रीलवर बघून भलतंसलतं वाढवून मागू नका.

९. उठताना

सूप पूर्ण प्यायलाच पाहिजे असं काही नाही. इचिरानच्या बाऊलच्या तळाला जपानीत एक ओळ लिहिलेली असते, हा शेवटचा थेंब म्हणजे परम आनंद अशा अर्थाची, ती वाचायच्या नादात सगळं मीठ पोटात घेऊ नका. ओळ बघायचीच असेल तर माझ्या नवऱ्याची युक्ती, उरलेलं सूप चमच्याने ग्लासात काढायचं आणि फोटो घ्यायचा. मी त्याला ओळखत नाही असं दाखवते.

साध्या दुकानात काउंटरला वरती एक कट्टा असेल तर बाऊल त्यावर उचलून ठेवा, ओल्या फडक्याने पुढचं पुसा. पैसे आधीच दिलेत, त्यामुळे बिल नाही, सरळ निघायचं. निघताना "गोचिसोसामा" म्हणा, अन्नदाता सुखी भव सारखं. पहिल्यांदा मी ते पुटपुटले होते, कुणाला ऐकूसुद्धा गेलं नसेल. आता मोठ्याने म्हणते. त्या अंडंवाल्या काकांच्या दुकानात अजून जाते, आणि मी मशीनसमोर उभी राहिले की ते आतून मान उंच करून बघतात, कुठलं बटण दाबतेय ते.